शुगर बॉर्डरवर आलीय? मग पेढ्याआधी भाकरीकडे बघा

मागच्या वर्षी ऑफिसच्या चेकअपमध्ये माझं एचबीएवनसी (रक्तातल्या शुगरची एक टेस्ट) ६.१ आलं. डॉक्टरांनी चष्म्यावरून बघत "बॉर्डरवर आहे, गोड जरा कमी करा" एवढं सांगितलं आणि पुढच्याला हाक मारली. मी पण इमानदारीत गोड बंद केलं, पेढा नाही, जिलबी नाही, लग्नात गुलाबजामच्या काउंटरकडे पाठ करून उभा. तीन महिन्यांनी परत चेक केलं तर ६.२! डोकं फिरलं. मग नीट शोधाशोध केली, एका चांगल्या आहारतज्ज्ञ बाईंकडे दोनदा गेलो आणि कळलं की मुळात मी गोड खातच किती होतो, महिन्यातून चार वेळा. गडबड रोजच्या ताटात होती. त्यामुळे हे जे लिहितोय ते "काय सोडा" यापेक्षा "रोजचं कसं खायचं" असं आहे.

आधी आकडे. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ म्हणजे प्रीडायबेटिस (हीच ती "बॉर्डर"), ६.५ पासून पुढे डायबेटिस. उपाशीपोटी शुगर १०० ते १२५, आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी बघतात ती १४० ते १९९, हे पण प्रीडायबेटिसमध्येच येतं. एचबीएवनसी साधारण दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगतं, म्हणून टेस्टच्या आधी चार दिवस पथ्य करून त्याला फसवता येत नाही (मी करून बघितलंय). पण एक लक्षात ठेवा, अंगात लोह कमी असेल तर हा आकडा उगाच वाढून येऊ शकतो, त्यामुळे हिमोग्लोबिन पण बघून घ्या, बायकांनी तर नक्कीच.

आणि "बॉर्डरवर" हा शब्द फार फसवा आहे बरं का. चेन्नईला ५३१ जणांवर एक अभ्यास झाला होता, २००६ साली छापून आला, सगळे ग्लुकोज पिऊन केलेल्या टेस्टमध्ये बॉर्डरवर असलेले. ज्यांना नेहमीचा साधा सल्ला देऊन सोडलं त्यातल्या ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत डायबेटिस झाला. ज्यांच्याकडून खाणं-चालणं नीट करून घेतलं त्यांच्यात ३९ टक्के. म्हणजे फरक पडतो, चांगला पडतो, पण जादू नाही, आणि नुसतं बसून राहिलात तर बॉर्डर ओलांडायला वेळ लागत नाही.

"मी तर बारीक आहे, मला कशी होईल" म्हणणाऱ्यांसाठी. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. याज्ञिक आणि त्यांचे एक ब्रिटिश सहकारी, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) अगदी सारखा, २२.३, पण अंगातली चरबी मोजली तर त्या गोऱ्या साहेबाची ९ टक्के आणि आपल्या डॉक्टरांची २१ टक्के! हातपाय काडीसारखे आणि चरबी सगळी आत, हा आपला खास नमुना. म्हणून वजनकाट्याबरोबर टेप पण घ्या. पोट आत न ओढता, श्वास सोडून, कंबरेचं माप घ्यायचं, पुरुषांचं ९० सेंमीच्या आत आणि बायकांचं ८० च्या आत पाहिजे. पँटचा नंबर सांगू नका, पँट आपण पोटाच्या खाली घालतो. मी ३४ ची पँट घालून खूष होतो, टेप लावली तर ९८ सेंमी.

आता ताटाकडे येऊ. आमच्याकडे (सांगली साइड) शुगर म्हटली की पहिला सल्ला, "चपाती बंद, भाकरी चालू". ज्वारी चांगलीच आहे, वाद नाही. पण मी एक दिवस किचनमधला वजनकाटा ओट्यावर ठेवला आणि आईला म्हटलं थापायच्या आधी उंडा इथं ठेव. आई म्हणाली आता भाकरी पण मोजून देऊ का तुला. पाण्याचा हिशोब काढून बघितलं तर एका भाकरीला जवळजवळ ७० ग्रॅम पीठ, आणि घडीच्या एका चपातीला २८! म्हणजे एका भाकरीत ४५-५० ग्रॅम कार्ब्ज (पचल्यावर ज्याची शुगर होते ते) आणि चपातीत १८-१९. तीन चपात्या सोडून मी तीन भाकऱ्या खात होतो आणि वर "मी फक्त भाकरीच खातो" म्हणून मिरवत होतो. आता एकच भाकरी, किंवा दोन चपात्या, आणि भात घेतला तर त्यातलं अर्धं कमी.

भूक राहते त्याचं काय? ती भरायची मटकी-मूग-चवळीच्या उसळीने, घट्ट वरणाने, अंडी, मासे, ताक, पनीर, जे चालत असेल त्याने. अर्धं ताट भाजी आणि कोशिंबीर (बटाटा भाजीत धरायचा नाही, तो भाताचा भाऊ), पाव ताट उसळ-डाळ किंवा अंडी-मासे, उरलेल्या पाव ताटात भाकरी, चपाती, भात काय ते. आणि खायचा क्रम बदला, हे मला सगळ्यात सोपं गेलं, आधी काकडी-टोमॅटो-मुळा, मग भाजी-उसळ, भाकरी आणि भात शेवटी. तेच जेवण, फक्त क्रम उलटा, तरी जेवणानंतर शुगर कमी उसळते.

चहा. चार कप, प्रत्येकी दोन चमचे, झाली ४० ग्रॅम साखर, आणि आपण म्हणतो आम्ही गोड खात नाही. एकदम बंद केला तर चौथ्या दिवशी परत सुरू होतो, म्हणून दर आठवड्याला कपामागे अर्धा चमचा कमी करत जा, महिन्यात जीभ सुधारते. गुळाचा चहा चालेल का, हे मला दहा जणांनी विचारलंय. नाही. गूळ पण शेवटी उसाचीच साखर आहे, शुगरच्या दृष्टीने फरक नाही, मध पण तसाच. चहाबरोबरची खारी, टोस्ट आणि "शुगर फ्री" बिस्किटं पण बघा, साखर नसली तरी त्यात मैदा असतोच.

उपवास म्हणजे आपलं "एकादशी अन् दुप्पट खाशी". साबुदाणा हा जवळपास नुसता स्टार्च. मी साधं ग्लुकोमीटर आणलं आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी चेक करायला लागलो, एका चतुर्थीला वाटीभर खिचडी आणि वर एक केळं खाल्लं तर १८१, आणि दुसऱ्या दिवशी एक भाकरी, मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर खाल्ली तर १३२. मीटर थोडं मागे-पुढे दाखवतं, त्यावरून स्वतःचं निदान करत बसू नका, पण कुठलं ताट आपल्याला मानवतं ते कळायला मस्त आहे. दोन तासांनी १४० च्या आत असेल तर ठीक चाललंय. पंधरा दिवस करा, मग ठेवून द्या, रोज बोट टोचायची गरज नाही. उपवास करायचाच तर दही, ताक, दाणे, भोपळ्याची भाजी, एखादं पेरू असं करा, आणि उपवास कुणी सांगितलाय म्हणून नाही तर मनापासून असेल तरच करा, हे माझं मत.

सकाळचे पोहे सोडायची गरज नाही, अर्धी प्लेट घ्या, त्यात मटार-दाणे वाढवा, बरोबर दोन उकडलेली अंडी किंवा वाटीभर उसळ. ज्यूस नको, फळ चावून खा.

व्यायामाचं टार्गेट आठवड्याला १५० मिनिटं, असं चालायचं की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. पण मला ज्याने सगळ्यात जास्त फरक पडला ते म्हणजे जेवल्यावर १०-१५ मिनिटं चालणं. शतपावली आपल्याला माहितीच आहे, फक्त आपण ती शंभर पावलांवर संपवतो आणि सोफ्यावर येऊन आडवे होतो. जेवणातली शुगर रक्तात चढत असते तेव्हाच पाय चालवले की स्नायू ती ओढून घेतात. पावसाळ्यात मी घरातच हॉल ते किचन फेऱ्या मारतो, बायको म्हणते पिंजऱ्यातला वाघ.

नुसतं चालणं पण पुरत नाही, स्नायू वाढले पाहिजेत कारण शुगर साठवायची मोठी जागा तीच. आठवड्यातून दोन-तीनदा खुर्चीवरून हात न टेकता उठ-बस १० ते १५ वेळा, भिंतीवर जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं, इथून सुरू करा. गुडघे दुखत असतील, हार्टचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. वजन जास्त असेल तर ५ ते ७ टक्के उतरवलं तरी बराच फायदा होतो, म्हणजे ८० किलोवाल्याने ४ ते साडेपाच किलो, काही हिरो व्हायचं नाहीये.

रात्रीचं जेवण आमच्याकडे साडेनऊला व्हायचं आणि दहाला झोप, ते आता आठला आणलंय, यासाठी घरात जेवढी भांडणं झाली तेवढी साखरेवरून पण नाही झाली. झोप सात तास पाहिजे. तंबाखू, मावा, सिगरेट, मिश्री याने शुगर पण बिघडते आणि हार्ट पण, ते सोडाच.

कारल्याचा रस, मेथीचं पाणी यांच्यामागे लागू नका, भाजी म्हणून खा, औषध म्हणून नको. मेटफॉर्मिन (डायबेटिसची गोळी) शेजाऱ्याच्या डबीतली खायची नाही, ती कुणाला लागते ते डॉक्टर ठरवतात, वजन खूप असेल किंवा गरोदरपणात शुगर आली असेल तर कधी कधी आधीच देतात. खूप तहान, सारखी लघवी, काही न करता वजन उतरणं असं दिसलं तर तीन महिन्यांची वाट बघू नका, लगेच दाखवा.

नाहीतर तीन महिन्यांनी टेस्ट रिपीट, आणि आकडा सुधारला तरी वर्षातून एकदा करायचीच. माझं आता ५.८ आहे, म्हणजे अजून बॉर्डरमध्येच. घरात एकाची आली की सख्ख्या भावंडांची पण करून घ्या, मी धाकट्या भावाला मागे लागून करायला लावली, त्याची ६.३ निघाली, आता तो एप्रिल-मे भर मला फोन करून एकच विचारतो की आंबा किती खाऊ. अर्धा खा, रस नको, आणि त्या जेवणात भात घेऊ नको.