व्हीएचएफ ऐकू येतो, पण आवाज पोचत नाही? अँटेनाच्या जोडणीतल्या या चुका टाळा

बंदरात बोटीच्या व्हीएचएफ रेडिओ सेटवर शेजारच्या बोटीशी बोलणं झकास होतं आणि पाच-सहा मैल बाहेर गेलं की समोरून येतं, ‘तुटतंय, परत बोल.’ पहिला संशय सेटवर. सेट खोलून दुरुस्तीला जातो, तिथे टेबलावर ठणठणीत चालतो, बोटीवर परत बसवला की रडगाणं तेच. सेटच्या पाठीमागच्या सॉकेटपासून अँटेनाच्या बुडापर्यंत दहा-बारा मीटर केबल असते. बहुतेक वेळा दुखणं तिथे असतं, आणि त्यातही दोन टोकांच्या पिनांमध्ये.

‘ऐकू येतंय, म्हणजे अँटेना ठीक आहे’

सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हा. रिसीव्हरला मायक्रोव्होल्टच्या अंशाइतका सिग्नलही पुरतो. जवळची बोट तर कुजक्या केबलमधूनही ऐकू येते. बोलताना मात्र २५ वॅट त्याच वाटेने वर चढवायचे असतात. म्हणून ‘ऐकू येतं, पोचत नाही’ ही तक्रार आली की आधी अँटेनाची लाइन बघायची.

त्याही आधी दोन मिनिटं बॅटरीला द्या. २५ वॅटवर बोलताना सेट पाच-सहा अँपिअर ओढतो. बटण दाबलेलं असताना सेटच्या मागच्या तारांवर व्होल्टेज मोजा, बॅटरीवर नाही. बॅटरीवर १२.५ आणि सेटपाशी १०.५ दिसले, तर फ्यूजचं घर किंवा निगेटिव्ह तारेच्या टोकाचा लग गंजलाय. अँटेनाला हात लावायची गरज नाही.

व्होल्टेज ठीक असेल तर सर्वांत झटपट कसोटी म्हणजे सुटा अँटेना. स्वतःची तीन-चार मीटर केबल असलेला मीटरभर उंचीचा साधा अँटेना केबिनच्या टपावर धरा आणि थेट सेटला जोडा. आवाज सुधारला तर सेट निर्दोष सुटला. बोटीवर असा एक जादा अँटेना कायम असावाच, वाऱ्याने मुख्य अँटेना मोडला तर तोच कामी येतो.

मल्टिमीटरवर आंधळा भरवसा

अँटेना जोडलेला ठेवून मल्टिमीटर लावला की कित्येकदा मधली पिन आणि बाहेरचं अंग यांत सरळ शॉर्ट दिसतो, आणि चांगली केबल कापली जाते. पुष्कळ अँटेनांच्या बुडाशी अंगाला जोडलेली कॉइल असते. डीसीला तो शॉर्टच दिसणार, १५६ मेगाहर्ट्झला तो शॉर्ट नसतो.

केबल दोन्हीकडून सोडवूनच मोजा. मधली पिन ते अंग: मीटरने जोडणी अजिबात दाखवू नये. मग लांबच्या टोकाला दोन्ही तारेने जोडा आणि अलीकडे मोजा: एक ओहमच्या आत यायला हवं. मोजताना प्लग हलवत राहा. आकडा नाचला तर चोर तिथेच आहे.

पण मल्टिमीटरला पाणी दिसत नाही. आतून ओली, काळी पडलेली केबल या दोन्ही परीक्षा आरामात पास होते.

एसडब्ल्यूआर चांगला, म्हणून सगळं चांगलं?

एसडब्ल्यूआर म्हणजे अँटेनाकडे पाठवलेल्यातली किती शक्ती परत येते ते सांगणारा आकडा. तो मोजायला सीबी (सामान्य नागरिकांच्या) रेडिओचा २७ मेगाहर्ट्झचा मीटर इथे चालत नाही. १५६ ते १६२ मेगाहर्ट्झ मोजणाराच घ्या. मीटरवर १.५ दिसला तर सुमारे ४ टक्के शक्ती परत येते, २ ला ११ टक्के, ३ ला २५ टक्के. दीडपर्यंत निर्धास्त, दोनपर्यंत चालवून घ्या, पुढे शोध सुरू करा.

मात्र खराब केबल हा आकडा सुंदर करून दाखवते. समजा केबल एका दिशेने ३ डेसिबल खाते. म्हणजे वर जाताना अर्धी शक्ती गेली, वरून परतलेल्यातली अर्धी पुन्हा वाटेत जिरली. अँटेनापाशी खरा ३ असलेला एसडब्ल्यूआर सेटपाशी १.७ च्या आसपास दिसतो. अँटेना पूर्ण निखळून पडलेला असला तरी मीटर तीनच दाखवेल. मीटर खोटं बोलत नाही, त्याच्यापर्यंत परतीची शक्ती पोचतच नाही.

म्हणून मीटर वरच्या टोकाला न्या आणि त्याच्यापुढे अँटेनाऐवजी ५० ओहमचा डमी लोड, म्हणजे शक्ती जिरवणारा रेझिस्टर, लावा. सेटपाशी २५ वॅट असतील तर दहा मीटर चांगल्या आरजी-२१३ जातीच्या जाड केबलमधून वर साधारण २० वॅट यावेत, बारीक आरजी-५८ मधून सोळाच्या आसपास. सात-आठ दिसले तर केबल गेली. तिला वाचवण्यात वेळ घालवू नका. डमी लोड म्हणून तारेचा गुंडाळलेला रेझिस्टर नको, तो या वारंवारितेला कॉइलसारखा वागतो.

दुकानात आरजी-५८ स्वस्त आणि सहज मिळते, टीव्हीची केबल तर त्याहून सहज. टीव्हीची ७५ ओहमची असते, ती इथे नकोच. पाच-सहा मीटरपर्यंत आरजी-५८ ठीक, त्यापुढे आरजी-८एक्स किंवा आरजी-२१३, तीही कथलाचा थर दिलेल्या तांब्याची.

प्लग बसवताना

केबलच्या टोकाला बसणारा पीएल-२५९ प्लग दिसायला सोपा. बहुतेक घोटाळे त्याच्यातच होतात, म्हणून इथे जरा थांबू.

पहिली चूक हसू आणणारी, पण सगळ्यांकडून होणारी: आटे असलेली बाहेरची रिंग केबलवर आधी ओवायची राहते आणि डाग दिल्यावर आठवते. रिंग आधी, आटे टोकाकडे. उष्णतेने आकसणारी नळी वापरणार असाल तर तीही आताच.

आरजी-२१३ चं बाहेरचं काळं आवरण टोकापासून २८ मिलिमीटर काढा. मधली तार १६ मिलिमीटर उघडी करा. तांब्याची जाळी पांढऱ्या गाभ्याच्या काठापासून दीड-दोन मिलिमीटर मागे कापा आणि तिच्यावर सोल्डरचा पातळ हात फिरवा. जाळीचा एक केस जरी पुढे राहून मधल्या तारेला टेकला तरी शॉर्ट. प्लग आटे फिरवत घट्ट चढवा, बाजूच्या भोकांतून जाळीला डाग द्या, मग पुढची पिन भरा.

अंगाच्या डागाला २५ वॅटची सोल्डरची इस्त्री पुरत नाही. पितळेचा तो गोळा सगळी उष्णता गिळतो, सोल्डर वर करड्या मण्यासारखा बसून राहतो आणि खाली जाळी मोकळी असते. १०० वॅटची, जाड टोकाची इस्त्री घ्या, पटकन तापवा, पटकन उचला. रेंगाळलात तर गाभा वितळून मधली तार एका बाजूला सरकते. फोमच्या गाभ्याच्या आरजी-८एक्सला हा धोका जास्त, तिथे योग्य मापाच्या पकडीने दाबून बसणारा प्लग बरा. बारीक केबलला तिच्याच मापाचा रिड्यूसर (प्लगचं भोक लहान करणारी नळी) लागतो. नुसती टेप गुंडाळून जाडी वाढवली तर जाळीला अंगाचा स्पर्शच होत नाही.

सोल्डर राळेच्या गाभ्याचाच. पत्र्याच्या कामाचं ॲसिड किंवा कल्हईवाल्याचा नवसागर वापरला तर डाग सुरेख बसतो, आणि काही महिन्यांत आतून हिरवा कळंक चढतो.

टेप वरून खाली आणि व्हिनेगरचा वास

पाणी वरच्या प्लगमधून शिरतं आणि दिव्याच्या वातीसारखं जाळीतून खाली उतरतं. स्वतःला चिकटणारी रबराची टेप ताणून जवळजवळ दुप्पट लांब करा, निम्मा पदर निम्म्यावर चढवत खालून वर गुंडाळा. कौलांचा पदर जसा पाणी बाहेर टाकतो, तसा हा टाकतो. वरून खाली गुंडाळली तर प्रत्येक पदर पन्हाळीसारखा पाणी आत घेतो. तिच्यावर उन्हाला टिकणारी पीव्हीसी टेप, नाहीतर एका उन्हाळ्यात रबर तडकतं. उघडताना व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन जोडावर नको, त्यातलं आम्ल तांबं खातं. केबिनमध्ये शिरण्याआधी केबलला खाली झोळ द्या, म्हणजे थेंब तिथूनच गळतील. दाराच्या फटीत किंवा काटकोनात ती दाबली जाऊ नये: आरजी-२१३ ला वळण किमान दहा सेंटिमीटर त्रिज्येचं.

आपल्याकडे आणखी एक चूक हमखास होते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बोटी वर ओढून शाकारल्या जातात, अँटेना काढून घरी नेला जातो आणि केबलचं उघडं टोक कोकणातला अख्खा पाऊस पीत तसंच लोंबकळतं. नारळी पौर्णिमेनंतर नवा अँटेना लावूनही आवाज पोचत नाही तो यामुळे. अँटेना काढला की त्याच मिनिटाला टोकावर टोपी किंवा टेप, आणि टोक खाली वळवून बांधा.

तपासणी करताना

अँटेना किंवा डमी लोड जोडल्याशिवाय बटण दाबायचं नाही. सेटमध्ये संरक्षण असलं तरी शेवटचा ट्रान्झिस्टर पणाला लावू नये. आधी १ वॅटवर, मग २५ वर. चॅनल १६ संकटासाठी मोकळा ठेवा, चाचणी ७२ किंवा ७७ वर घ्या.

जोडणी पक्की असूनही रात्रीच ऐकू येणं कमी होत असेल तर एलईडी दिवे तपासा. दिवे बंद ठेवून शांत चॅनलवर खरखर जेमतेम थांबेल इतका स्क्वेल्च (खरखर दाबणारं बटण) लावा आणि एकेक दिवा चालू करा. ज्या दिव्याला खरखर परत आली, तो अँटेनाजवळून हलवा किंवा बदला.

आणि अपेक्षा उंचीच्या हिशेबात ठेवा. अँटेनाच्या मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ गुणिले २.२, इतके सागरी मैल त्या टोकाचे. चार मीटरवरचे दोन अँटेना म्हणजे ४.४ अधिक ४.४, जेमतेम नऊ मैल. समोरचा अँटेना समुद्रसपाटीपासून शंभर मीटरवर असेल तर सव्वीस. बोट-ते-बोट नऊ मैल मिळत असतील तर केबल पुन्हा खोलू नका.