रिन्सलेस वॉश आणि डिटेल स्प्रे : या चुका टाळा

खडकवासला साखळीतील धरणांचा साठा खाली येऊ लागला की आमच्या पुण्यातील सोसायटीच्या सूचना फलकावर पाइप लावून गाड्या धुण्यास मनाई असल्याची सूचना लागते. मनाई योग्यच आहे. त्यामुळे बादलीभर पाण्यात गाडी धुण्याची आणि नंतर ती पाण्याने खळाळून न काढण्याची रिन्सलेस पद्धत मी गेली आठ वर्षे वापरतो आहे. या काळात पार्किंगमध्ये अनेकांनी मला या पद्धतीबद्दल विचारले, आणि त्यांपैकी बहुतेकांचा पहिला प्रश्न ‘कोणता स्प्रे सर्वांत चांगला?’ हाच होता. घरात एकही बरे मायक्रोफायबर कापड नसताना हा प्रश्न विचारला जातो, याचे मला खरोखर वाईट वाटते, कारण रंगाचे नुकसान स्प्रेच्या निवडीपेक्षा हाताच्या घाईमुळे कितीतरी अधिक होते.

मुळात दोन बाटल्यांमधील फरकच अनेकांना ठाऊक नसतो. डिटेल स्प्रे हा आधीच स्वच्छ असलेल्या गाडीवर शेवटचा हात फिरवण्यासाठी असतो. त्यात चकाकी देणारे आणि कापड सरकते ठेवणारे घटक असतात, पण मळ सोडवण्याची ताकद बेताचीच असते. रिन्सलेस वॉशचे द्रावण मात्र मळाच्या कणांना वेढून रंगापासून सुटे करावे, अशा बेताने बनवलेले असते. या प्रकारातील परिचित उत्पादन म्हणजे ऑप्टिमम नो रिन्स. त्याचे धुण्यासाठीचे प्रमाण एका भागास २५६ भाग पाणी, क्ले (रंगात रुतलेला मळ ओढून काढणारी मऊ वडी) फिरवताना घसरण म्हणून ६४ भाग आणि डिटेल स्प्रे म्हणून १६ भाग असे आहे. म्हणजे रिन्सलेस द्रव घट्ट ठेवून त्याचा डिटेल स्प्रे करता येतो, परंतु डिटेल स्प्रे पातळ करून त्याचा रिन्सलेस वॉश होत नाही. घरगुती प्रयोग करणारे नेमके उलटे करू पाहतात.

यातून जी चूक घडते ती मी स्वतः केलेली आहे. पाच वर्षांपूर्वी जुलैमध्ये आम्ही गुहागरहून कुंभार्ली घाटमार्गे परतलो, तेव्हा गाडीच्या चारही दारांचा खालचा भाग कोकणातील तांबड्या चिखलाने माखलेला होता आणि सकाळपर्यंत तो वाळून खडखडीत झाला होता. त्या दिवशी सोसायटीत टँकरचे पाणी होते, म्हणून बादलीही न भरता मी डिटेल स्प्रेची जवळजवळ अर्धी बाटली चालकाच्या बाजूच्या दारावर फवारली, अर्धा मिनिट थांबलो आणि घडी केलेले कापड फिरवू लागलो. कापडाखालून बारीक करकर ऐकू येत होती. ती ऐकूनही मी थांबलो नाही, कारण वरवर पाहता चिखल निघत होता आणि खालचा गडद निळा रंग चमकत होता. संध्याकाळी मोबाइलचा दिवा तिरपा धरून पाहिले, तेव्हा हात ज्या वळणाने फिरला होता त्याच वळणाचे शेकडो अर्धगोल ओरखडे दारभर उमटलेले दिसले. कापडाची घडी उलगडली, तर आतल्या बाजूला विटकरी रंगाची रेती धाग्यांत रुतून बसली होती.

पॉलिश करणाऱ्या कारागिराने रंगाची जाडी मोजून मला सांगितले ते मी विसरलेलो नाही. रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा असतो. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रॉनचा. प्रत्येक पॉलिशमध्ये या थराचा थोडा भाग कायमचा निघून जातो. म्हणून त्याने दाराच्या कडेजवळचे दोन खोल ओरखडे मुद्दाम तसेच ठेवले, आणि ते आजही तिथे आहेत.

तेव्हापासून माझी सवय ठरून गेली आहे. चिखल असेल तर त्याला कापड लावायचे नाही, फक्त पाणी लावायचे. बागेत औषध मारण्याच्या पाच लिटरच्या हातपंपात मी रिन्सलेस द्रावण भरतो, खालच्या भागावर सढळ फवारतो, पाच मिनिटे थांबतो आणि पुन्हा फवारतो, म्हणजे जड कण आपल्याच वजनाने ओघळून खाली जातात. त्यानंतरही पृष्ठभागावर रेती दिसत असेल, तर मी त्या दिवशी गाडी पुसतच नाही आणि प्रेशरचे पाणी असलेल्या वॉशिंग सेंटरला नेतो. शहरात बांधकामांची धूळ सतत बसत असते, आणि तिच्यातील वाळूचे क्वार्ट्‌झ हे खनिज कठीणपणाच्या १ ते १० अशा मोह्‌स मापनात ७ इतके कठीण असते. क्लिअर कोट त्याच्यापुढे अगदीच मऊ आहे. कोरड्या गाडीवर पिसांचा किंवा धाग्यांचा डस्टर फिरवणे याच कारणासाठी सोडून द्यावे.

दुसरी चूक अंदाजाने ओतण्याची आहे. आमच्या इमारतीतील एका तरुणाने काळी गाडी घेतली आणि बादलीतल्या रिन्सलेस द्रावणात वरून डिटेल स्प्रेही ओतण्याचा प्रयोग सुरू केला. ‘काका, जास्त टाकलं तर जास्तच चमकेल ना?’ असे त्याने मला विचारले होते. दोन आठवड्यांनी त्याच्या बॉनेटवर उन्हात तेलकट, इंद्रधनुषी पट्टे दिसू लागले आणि ते पुसावेत तितके पसरत गेले. डिटेल स्प्रेमधील चकाकीचे घटक मळकट पाण्यातून पुन्हा पुन्हा लागून रंगावर साचले होते, आणि त्या चिकट थरावर धूळही लवकर बसत होती. साध्या प्रमाणातील रिन्सलेस द्रावणाने लागोपाठ तीनदा धुतल्यावर बॉनेट पूर्ववत झाले.

मी मापासाठी औषधाच्या दुकानात मिळणारी दहा मिलिलिटरची सिरिंज वापरतो. वर सांगितलेल्या प्रमाणाने दहा लिटर पाण्याला ४० मिलिलिटर, म्हणजे चार सिरिंज, पुरतात. पाचवी कशासाठीही लागत नाही. डिटेल स्प्रेसाठी अर्ध्या लिटरच्या बाटलीत सुमारे ३० मिलिलिटर द्रव घालून बाकी पाणी भरावे आणि बाटलीवर प्रमाण व तारीख लिहावी. तुमच्या द्रवाच्या बाटलीवर वेगळे प्रमाण दिले असेल, तर तेच पाळावे. प्रयोग करायचाच असेल, आणि मला स्वतःला तो करायला आवडतो, तर बॉनेटच्या मधोमध मास्किंग टेप लावून एका अर्ध्या भागावर नेहमीची पद्धत आणि दुसऱ्या अर्ध्यावर एकच बदल करून पाहावा. एकाच वेळी द्रव, कापड आणि पाणी अशा तिन्ही गोष्टी बदलल्या, तर काय बिघडले ते कळणार नाही. निकाल सावलीत ठरवू नये. पट्टे उन्हात दिसतात आणि ओरखडे तिरप्या प्रकाशात. पाण्याचे गोल थेंब उभे राहणे ही मेणाची किंवा पॉलिमरची खूण आहे, स्वच्छतेची नव्हे.

पाण्याबद्दल फार कमी लोक विचार करतात. या पद्धतीत काहीच खळाळून निघत नाही, त्यामुळे पाण्यात जे क्षार असतात त्यांतील बराचसा भाग गाडीवरच वाळतो. बोअरवेलच्या जड पाण्याने पांढरे ठिपके पडतात, हे सगळ्यांना दिसते. पण पाणी वाचवण्याच्या चांगल्या हेतूने अनेक घरांत आरओ यंत्राचे टाकाऊ पाणी गाडीसाठी साठवले जाते, आणि त्यात तर गाळलेले क्षार एकवटलेले असतात. ते पाणी फरशीला वापरावे. मी उन्हाळ्यात एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी गाळून साठवतो. ते हवेतील बाष्पाचे असल्यामुळे त्यात क्षार जवळजवळ नसतात आणि स्प्रे पातळ करायला ते उत्तम ठरते.

कापडाच्या बाबतीत माझा नियम कडक आहे. मळलेले कापड बादलीत परत जात नाही. आठ कापडे आधीच द्रावणात भिजवून ठेवावीत, प्रत्येकाची चौघडी करावी म्हणजे आठ स्वच्छ बाजू मिळतात, आणि छतापासून सुरुवात करून खाली यावे. सर्व बाजू संपल्या की ते कापड वेगळ्या टबात टाकावे. जुने बनियन आणि टॉवेल यांना या कामात स्थान नाही. मायक्रोफायबर धुताना फॅब्रिक सॉफ्टनर घालू नये, कारण तो धाग्यांवर थर धरतो आणि मग कापड पाणी शोषण्याऐवजी पसरवते. चाकांचे कापड कायम वेगळे असावे.

सकाळी गाड्या पुसायला येणाऱ्या माणसाला अनेक जण दोष देतात, परंतु एक बादली आणि एका फडक्यात बारा गाड्या पुसायला लावल्यावर दुसरे काय होणार? मी त्यांना माझ्या गाडीसाठी सहा कापडे आणि वेगळी बादली दिली, क्रम एकदा दाखवला, आणि ते आज माझ्यापेक्षा शांतपणे काम करतात.

तापलेल्या बॉनेटवर स्प्रे मारू नये. पक्ष्यांची विष्ठा घासू नये. ओले कापड पाच मिनिटे ठेवून ती उचलावी. भांड्यांचा साबण द्रावणात मिसळू नये.

चाकांजवळ डिटेल स्प्रे थेट फवारणे मात्र केवळ रंगाचा प्रश्न नाही. तो ब्रेक डिस्कवर गेला, तर ब्रेकची पकड कमी होऊ शकते, म्हणून रिमवर वापरायचा असेल तर तो कापडावर घ्यावा. पुढच्या काचेचीही हीच गोष्ट आहे. डिटेल स्प्रे लावलेली काच दिवसा झकास दिसते, पण पहिल्या पावसात वायपर थडथडू लागतात आणि रात्री समोरून येणारे दिवे काचेवर फाकतात. काचेला मी केवळ धुण्याच्या प्रमाणातील द्रावण लावतो आणि लगेच कोरड्या, वेगळ्या कापडाने पुसतो. आधीच थर बसला असेल, तर काचेच्या क्लीनरने काच दोनदा पुसावी, वायपरची रबरे त्याच कापडाने टोकापर्यंत पुसून घ्यावीत, आणि कापडावर काळे येणे थांबेपर्यंत हे करावे.