डबा जसाच्या तसा परत येतोय? या चुका टाळा

दप्तरातून डबा काढताना हाताला वजन लागतं आणि झाकण उघडायच्या आधीच सगळं कळतं. सकाळी पावणेसहाला उठून केलेली पोळी-भाजी तशीच. पुढचा संवाद घरोघरी एकच. "का गं, खाल्लं का नाहीस?" "नाही आवडलं." "अगं, परवा रात्री तर मागून घेतलीस हीच भाजी!" यावर उत्तर नाही. आपण 'नखरे' असा शिक्का मारून मोकळे होतो आणि दुसऱ्या दिवशी डब्यात बिस्किटं जातात.

माझी मुलगी दुसरीत आहे. हा संवाद मी सव्वा वर्ष केला. मग एक दिवस तिच्यासारखाच एक डबा स्वतःसाठी भरला. फ्लॉवर-बटाट्याची भाजी घातलेले पोळीचे दोन रोल, सकाळी सातला बंद केलेले. पावणेअकराला, म्हणजे तिच्या मोठ्या सुट्टीच्या वेळेला, ऑफिसात उघडला. झाकणाच्या आतून पाणी टपकलं. रोलची वरची बाजू गिळगिळीत, दोन्ही टोकं वातड, खाली भाजीला पाणी सुटून पोळीचा लगदा झालेला. आणि बंद डब्यात मुरलेल्या फ्लॉवरचा तो वास. मी अर्धा रोल खाल्ला. म्हणजे साधारण ती खायची तेवढाच.

'नाही आवडलं' ही मुलांची पोतडी आहे. झाकण उघडलं नाही, वेळ पुरला नाही, शेजारणीने नाक धरलं, पोळी तुटेना, हे सगळं ती त्यात भरतात. चवीचा संबंध बरेचदा नसतोच. म्हणून पदार्थ बदलण्याआधी एकदा तुम्हीही डबा भरून चार तासांनी खाऊन बघा.

गरम अन्नावर झाकण लावणं

सर्वांत जास्त डबे इथे बिघडतात, त्यामुळे यावर जरा थांबते. तव्यावरची पोळी थेट डब्यात गेली की वाफ झाकणाला लागून पाणी होते आणि परत पोळीवरच पडते. शिवाय गरम हवा बंद झाली आणि नंतर थंड पडली की हवाबंद डब्याचं झाकण आत ओढलं जातं. मग सहा वर्षांच्या बोटांना ते उघडत नाही. एकाच चुकीत पोळीही गेली आणि झाकणही.

पोळी जाळीवर किंवा सुती कापडावर पाच-सात मिनिटं पसरू द्या. भाजीही ताटलीत काढून वाफ जाऊ द्या. 'मुलाला गरम मिळावं' म्हणून आपला जीव तुटतो, पण साध्या स्टीलच्या डब्यात चार तासांनी काहीच गरम राहत नाही, कोमट राहतं. आणि कोमट हीच वाईट अवस्था, कारण साधारण 5 ते 60 अंश सेल्सिअसच्या मधल्या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. गरमच द्यायचं तर थर्मास घ्या, त्यात आधी पाच मिनिटं उकळतं पाणी भरून ठेवा, ते ओता आणि मग वाफाळता पदार्थ भरा. नाहीतर थंडही चांगलं लागेल असं काही द्या.

पोळी थंड झाली की पिठातला स्टार्च पुन्हा घट्ट होतो, म्हणून ती वातड लागते. हे पूर्ण टाळता येत नाही, पण लांबवता येतं. कणीक नेहमीपेक्षा सैल भिजवा, मोहन घाला, वीस मिनिटं झाकून ठेवा. तवा चांगला तापलेला हवा. मंद आचेवर पोळी भाजली जाण्याऐवजी वाळते. उतरवल्यावर तूप लावा. आपल्याकडे प्रवासाला दशम्या न्यायची पद्धत होती, ती उगाच नव्हे. दुधात भिजवलेली कणीक दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. डब्याला दशमी ही मला तरी ब्रेडपेक्षा कितीतरी बरी तोड वाटते. (दूध घातलेलं आहे, तेव्हा नीट भाजा आणि एप्रिल-मेमध्ये दुसऱ्या दिवसाचा मोह नको.)

थालीपीठ थंड झालं की दगड होतं अशी तक्रार असते. भाजणीत थोडी कणीक आणि एक उकडलेला बटाटा किंवा किसलेला दुधी मळा, थापा तळहाताएवढंच. मग फरक बघा.

रोलमध्ये भाजी घालायची तर ती कोरडी हवी. पोळीला आधी तूप किंवा शेंगदाण्याची चटणी लावा, म्हणजे भाजीचं पाणी पोळीत लगेच उतरत नाही. टोमॅटो आणि काकडी रोलच्या आत कधीच नको, वेगळ्या वाटीत.

रात्रीच्या भाताला सकाळी फोडणी

ही सोय मीही केलेली आहे. पण तांदळात बॅसिलस सीरियस नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात आणि ते शिजवूनही मरत नाहीत. भात रात्रभर ओट्यावर राहिला तर ते वाढतात, विष तयार करतात, आणि ते विष फोडणीच्या आचेने जात नाही. फोडणीचा भात करायचाच असेल तर रात्रीचा भात पसरून लवकर गार करा, तासाभरात फ्रिजमध्ये टाका, सकाळी कडकडीत गरम करा आणि थर्मासातूनच द्या. उन्हाळ्यात ओल्या खोबऱ्याची चटणी, पनीर आणि दही यांना डब्यातून सुट्टी.

घड्याळ न बघता डबा भरणं

मोठी सुट्टी वेळापत्रकात वीस-पंचवीस मिनिटांची असली तरी त्यात हात धुवायची रांग, चटई पसरणं, गप्पा आणि पळापळ असते. पहिली-दुसरीच्या मुलाच्या वाट्याला खायला दहा मिनिटं आली तरी खूप. दोन पोळ्या आणि वाटीभर भाजी म्हणजे सहज पंचवीस घास, तेही स्वतःच्या हाताने तोडून. घरी सुट्टीच्या दिवशी, टीव्ही बंद करून, दहा मिनिटांचा गजर लावा आणि मूल किती खातं ते पाहा. तेवढंच डब्याचं माप.

आमच्याकडे ते माप एक पोळी आणि चार चमचे भाजी निघालं. मी सव्वा वर्ष दुप्पट भरत होते आणि निम्मं परत आलं म्हणून रागावत होते! अर्धा डबा परत आला तर आधी माप कमी करा. रिकामा डबा घरी न्यायचा आनंद मुलांनाही असतो.

सकाळचं दूध किती वाजता आणि किती, हेही याच हिशोबात धरा. निघताना पेलाभर दूध आणि वर केळं, आणि अडीच तासांनी डबा. भूक लागणार कशी?

डबा विकत घेताना मुलालाच उघडायला लावा, दुकानातच. चार बाजूंच्या चार खिट्या मोठ्यांनाही जड जातात.

नवा पदार्थ पहिल्यांदा डब्यातच देणं

अनोळखी अन्नाला बिचकणं दोन ते सहा या वयात सर्वांत जास्त असतं. एखादी नवी चव स्वीकारायला मुलाला ती आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही समोर यावी लागते. आपण दोनदा देऊन 'तिला दोडका आवडत नाही' असं जाहीर करतो, आणि तेही तिच्यासमोर.

शाळेत समजूत घालायला कोणी नसतं आणि बघायला मात्र सगळे असतात. नवा पदार्थ रात्रीच्या जेवणात, आपल्याबरोबर, आग्रहाशिवाय द्या. तिथे जरा रुळला की डब्यात. मी एक हमखास संपणारी गोष्ट ठेवते, एक ओळखीची, आणि नवीन असलं तर फक्त एक घास. तो घास परत आला तरी पोट भरलेलं असतं.

भाज्या लपवण्याबद्दल मतं वेगवेगळी आहेत, माझं स्पष्ट आहे: मिसळा, लपवू नका. धिरड्यात किसलेला दुधी घालायला काहीच हरकत नाही, पण विचारलं तर सांगा. एकदा फसवणूक पकडली गेली की साध्या धिरड्याकडेही संशयाने पाहिलं जातं. आमच्याकडे पालकाच्या पराठ्यानंतर महिनाभर प्रत्येक पोळी उजेडात धरून तपासली जात होती.

'काहीतरी तरी खाईल' म्हणून पाकिटं

अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांनुसार जास्त साखर, मीठ आणि चरबी असलेले पदार्थ शाळेत आणि शाळेच्या फाटकापासून 50 मीटरच्या आत विकता येत नाहीत. 2025 मध्ये सीबीएसईने आपल्या शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावायला सांगितले. आणि आपण क्रीमची बिस्किटं घरूनच डब्यात घालून फाटकाच्या आत पाठवतो.

पाकिटाच्या मागे साखर किती ग्रॅम लिहिली आहे ते बघा आणि चाराने भागा. तेवढे चहाचे चमचे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार वरून घातलेल्या साखरेतून, मधातून आणि फळांच्या रसातून मिळणारी ऊर्जा दिवसभराच्या ऊर्जेच्या 10 टक्क्यांच्या आत हवी, 5 टक्क्यांच्या आत असली तर आणखी चांगलं. दिवसाला 1500 कॅलरी लागणाऱ्या मुलासाठी ही 10 टक्क्यांची हद्द नऊ चमच्यांवर संपते. त्यातले दोन तर सकाळच्या दुधातच गेलेले असतात. गुळालाही यात सूट नाही, हे मी गूळ-तूप-पोळीची भक्त असूनही लिहिते.

पोट भरतं, पण सगळं पांढरंच

सोमवारी पोहे, मंगळवारी उपमा, बुधवारी शेवया, गुरुवारी साबुदाण्याची खिचडी. डबे संपतात, म्हणून ही चूक दिसत नाही. पण यात प्रथिनं आणि लोह फारसं नाही. पदार्थ बदलायची गरज नाही, भर घाला. पोह्यात मूठभर मटार आणि शेंगदाणे, उपम्यात मोड आलेले मूग, तांदळाच्या घावनाऐवजी मुगाच्या डाळीचं धिरडं. आप्प्यांच्या पिठात नाचणीचं पीठ घाला. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं आणि रंग सोडला तर मुलांना काही कळत नाही.

गॅस बंद केल्यावर पोह्यांवर लिंबू पिळा. वनस्पतींमधलं लोह अंगी लागायला क जीवनसत्त्व मदत करतं. चहा नेमकं उलटं करतो, म्हणून सकाळी 'घोटभर' चहाची लाडिक सवय नको.

अख्खे शेंगदाणे आणि अख्खी द्राक्षं मात्र बालवाडीच्या मुलांच्या डब्यात घालू नका. घशात अडकतात. कूट करा, द्राक्षं उभी चिरा. शाळेत कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का, हेही बाईंना विचारून ठेवा.

दारातच झडती

डबा उघडून जाब विचारायला लागलो की मुलं डबा रिकामा करायला शिकतात, खायला नाही. मला एकदा चित्रकलेच्या वहीत अर्धं थालीपीठ सापडलं, कागदासारखं वाळलेलं. त्या आठवड्यातले सगळे डबे 'संपलेले' होते. त्यानंतर मी ठरवून सांगितलं, उरलं तर डब्यातच ठेव, रागावणार नाही. आणि खरंच रागवायचं नाही, हे जास्त कठीण.

हातपाय धुऊन, काहीतरी खाऊन झाल्यावर मी वेगळंच विचारते: "आज कुणाच्या डब्यात काय होतं?" खरी माहिती यातून मिळते. कोबीच्या वासावरून कुणी 'शी' म्हणालं होतं, ते असंच कळलं. कोबी, मुळा, लसणाची भाजी, उकडलेलं अंडं, सुकट यांचा वास बंद डब्यात दुप्पट होतो. त्यात आपल्या अन्नाचा कमीपणा नाही, हे तिला नीट सांगायचं, ते पदार्थ घरी झोकात करायचे, आणि डब्यात तूर्त नाही द्यायचे. मैत्रिणीला आवडतं म्हणून दोन आप्पे जास्त दिले, तर तिचेही दोन जास्त जातात, हाही अनुभव आहे.

प्रश्न डब्याचा नसतो तेव्हा

काही मुलं शाळेत खात-पीत नाहीत, कारण तिथल्या स्वच्छतागृहात त्यांना जायचं नसतं. पाण्याची बाटलीही भरलेली परत येत असेल तर हे आधी विचारा. पाणी कमी, मग बद्धकोष्ठ, आणि बद्धकोष्ठ झालं की भूक मरते. किडलेली दाढही अशीच लपून बसते. मूल मऊ तेवढं खातं, पोळी परत आणतं, आणि आपण त्याला पोळीचा कंटाळा समजतो. तोंड उघडून टॉर्च मारून बघा.

वजन वाढत नसेल किंवा उतरत असेल, खाण्यातले पदार्थ कमी-कमी होत मोजकेच उरले असतील, घास तोंडात घेताच उमासे येत असतील, तर बालरोगतज्ज्ञांकडे जा. जाताना आठवडाभराची टिपण घेऊन जा: डब्यात काय दिलं, किती परत आलं, घरी आल्यावर काय खाल्लं. 'काहीच खात नाही हो' या वाक्यापेक्षा त्या कागदावरून डॉक्टरांना पुष्कळ जास्त कळतं.