मायक्रोटिक राउटर: अपलोड सतत फुल्ल, डीएनएस पोर्ट ५३ उघडं (माझा अनुभव)

सांगलीच्या मार्केट यार्डात, हळदीच्या अडत दुकानात, ऐन सौद्याच्या वेळी नेट रांगायचं. डाउनलोड शांत, अपलोड मात्र काठोकाठ, सीपीयू १०० टक्के. रीस्टार्ट, फर्मवेअर, नवा पासवर्ड, कशानेच फरक नाही. एकेक आयपी ब्लॉक करणंही व्यर्थ, कारण ते पत्ते हल्लेखोराचे नसतात, ज्याच्यावर हल्ला चाललाय त्याचे असतात. डोकं उठलं होतं.

टॉर्चमध्ये (मायक्रोटिकचं चालू ट्रॅफिक दाखवणारं टूल) पीपीपीओई इंटरफेस, म्हणजे युजरनेम-पासवर्डने जुळणारं इंटरनेट कनेक्शन, पाहिला तेव्हा उलगडलं: यूडीपी ५३, म्हणजे डीएनएस, साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता सांगणारी सेवा. बाहेरून दुसऱ्याच कुणाचा पत्ता लावून छोटासा प्रश्न येतो आणि आपला राउटर त्याचं कितीतरी मोठं उत्तर त्या तिसऱ्याच माणसावर ओततो. डीएनएसमध्ये हा गुणाकार २८ ते ५४ पट धरतात. मायक्रोटिकचा मूळ फायरवॉल हे अडवतो. इथे तो रिकामाच होता.

आयपी, फायरवॉल, फिल्टर रूल्समध्ये नवा रूल: चेन इनपुट, प्रोटोकॉल यूडीपी, डेस्टिनेशन पोर्ट ५३, इन-इंटरफेस पीपीपीओई-आउट१, ॲक्शन ड्रॉप. पीपीपीओई असताना ईथर१ (केबलचं पोर्ट) निवडलं तर रूल लागतच नाही, हे नीट बघा. तसाच दुसरा टीसीपीसाठी. दोन्ही ओढून सगळ्यात वर. मग कनेक्शन्समधल्या ५३ च्या जुन्या नोंदी काढा. आयपी, डीएनएसमधलं 'अलाऊ रिमोट रिक्वेस्ट्स' चालूच ठेवा, आतल्या पीसींना ते लागतं. शेवटी मोबाइल डेटावरून, आपला पब्लिक आयपी डीएनएस सर्व्हर म्हणून देऊन, एखाद्या साइटचं एनएसलुकअप (डीएनएसला पत्ता विचारणारी कमांड) करा, टाइम-आउट यायला हवा. ड्रॉपचा आकडा पुढेही वाढत राहील. घाबरू नका, अपलोड मोकळं झालेलं असतं.