रेडकांच्या अंगाखालची जमीन कोरडी ठेवा

श्रावण-भाद्रपदापासून म्हशींचा विण्याचा मोठा हंगाम सुरू होतो आणि मुंबईत नेमकी तेव्हाच सगळीकडे ओल असते. एकट्या जुलैत इथे सरासरी 800 मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. त्यानंतरही गणपतीपर्यंत गोठ्याची जमीन धड सुकत नाही. या दिवसांत जन्मलेल्या रेडकांना हगवण, बेंबी पिकणे आणि फुफ्फुसदाह (न्यूमोनिया) जास्त का होतो, याचे बरेचसे उत्तर त्यांच्या पोटाखाली सापडते.

पहिल्या महिन्यात रेडकू दिवसाचे सोळा-अठरा तास बसून किंवा झोपून काढते. एवढा वेळ त्याचे पोट, गुडघे आणि ओली बेंबी जमिनीला टेकलेली असते. ओला कोबा अंगातली ऊब ओढून घेतो. मुताचा शेणाशी संबंध आला की अमोनिया सुटतो आणि तो जमिनीलगत, म्हणजे बसलेल्या रेडकाच्या नाकाशीच जास्त असतो. त्याने श्वासनलिकेचे आतले संरक्षण खचते व न्यूमोनियाला वाट मिळते. रक्ती हगवण करणाऱ्या कॉक्सिडिया या डोळ्यांना न दिसणाऱ्या परजीवीचे बीज शेणातून बाहेर पडले, की उबदार ओलीत दोन-चार दिवसांत लागण करण्याजोगे होते. फिनेल त्याला मारत नाही. म्हणून शेण रोजच्या रोज उचलणे आणि जागा सुकवणे हाच उपाय.

जोगेश्वरी, गोरेगाव, कांदिवलीच्या दाटीच्या तबेल्यांत रेडकू बहुधा रांगेच्या टोकाला, गटाराच्या कडेला बांधलेले दिसते. दुभत्या म्हशींना चांगली जागा मिळते आणि उरलेल्या कोपऱ्यात त्याची सोय होते. सकाळ-संध्याकाळ पाइपने जमीन धुतली, की सगळ्या म्हशींचे शेणमूत त्याच्या पायाखालून वाहते. माझ्या मते मुंबईतल्या तबेल्यांची सर्वांत घातक सवय हीच आहे आणि ती बदलायला पैसा लागत नाही. रेडकांना उताराच्या वरच्या टोकाला, छताखाली, झड येणार नाही अशा बाजूला हलवा. प्रत्येकाला किमान एक चौरस मीटर कोरडी जागा द्या. धुताना त्यांना बाहेर काढा. जमीन खराट्याने निपटून, वारा लागून सुकल्यावरच आत घ्या. आरे किंवा वसईकडे ज्यांना मोकळे अंगण आहे, त्यांनी उघडीप पडताच रेडकांना उन्हात सोडावे.

कोबा चांगला की माती, असे नेहमी विचारले जाते. मुरमाची जमीन मऊ असते, उन्हाळ्यात ती उत्तमच. पण आपल्या पावसात तिचा चिखल होतो आणि जंतांची अंडी तिच्यात महिनोन् महिने टिकतात. कोबा धुता येतो, मात्र गुळगुळीत असेल तर नवजात रेडकाचे पाय फाकतात. उभ्या लावलेल्या विटा घसरत नाहीत, पण सांधे सिमेंटने नीट भरलेले हवेत. रबरी मॅट घातली असेल तर आठवड्यातून एकदा तरी उचलून खालून धुवा, कारण तिच्याखाली मूत साचून कुजते. यांपैकी काहीही असो, वर चांगला जाड पेंढा हवाच. पालघर-भिवंडीकडचा भाताचा पेंढा चालतो; बुरशी धरलेला मात्र अजिबात नको. वखारीतला लाकडाचा भुसा घेतलात तर तो सुका आहे ना, हे हात घालून पाहा.

अंथरूण पुरेसे आहे का हे बघायचे असेल तर त्यावर अर्धा मिनिट गुडघे टेकून बसा. कपडा ओला झाला तर ओला भाग काढून नवा पेंढा घाला. विझवलेला चुना भुरभुरायचा असेल तर सुकलेल्या जमिनीवर, पेंढ्याच्या खाली. ओल्या शेणमुतावर चुना पडला की अमोनिया आणखी सुटतो.

जमीन कितीही चांगली ठेवली तरी काही गोष्टी वेळेवरच व्हायला हव्यात. रेडकू जन्मताच बेंबी 7 टक्के टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवा आणि पहिल्या तासाभरात चीक पाजा. गोल जंताच्या अळ्या आईच्या दुधातूनच पोटात जातात, म्हणून जंताचे पहिले औषध दहाव्या ते पंधराव्या दिवशी पशुवैद्यकाला विचारून द्या. उशीर झाला तर साधारण तिसऱ्या आठवड्यापासून रेडकाच्या शेणातून लाखो अंडी त्याच जमिनीवर पडू लागतात.

बांधकामाला हात ऑक्टोबरची उघडीप लागल्यावर घाला. चाळीस फुटांना एक फूट उतार ठेवा, कोबा ओला असतानाच त्यावर रेघा ओढून घ्या आणि रेडकांच्या जागेचे गटार म्हशींच्या गटारापासून वेगळे काढा. तोवर रेडकाची बेंबी गरम किंवा सुजलेली लागली, गुडघा फुगला, शेणात रक्त दिसले किंवा श्वासाला धाप लागली, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता डॉक्टरांना बोलवा आणि तपासणीसाठी ताजे शेण स्वच्छ डबीत काढून ठेवा.