औरंगाबादच्या चिकलठाण्याच्या जुन्या विमानतळाच्या आठवणी गोळा करायच्या असतील तर

पहिली गोष्ट, जो माणूस त्या काळी विमानात बसायचा ना, त्याला सगळ्यात शेवटी गाठा. मी नेमकं उलटं केलं. ओळखीतले एक रिटायर्ड साहेब शोधले, कंपनीच्या कामाने सारखे मुंबईला उडणारे, त्यांना काय आठवलं तर फ्लाइट लेट व्हायची आणि सँडविच गार असायचं. बस, संपलं. आणि त्याच दिवशी घरी येताना रिक्षावाल्या काकांना सहज विचारलं तर ते पूर्वी ॲम्बेसेडर चालवायचे, फॉरेनर घेऊन वेरूळ-अजिंठा करायचे, आणि म्हणाले विमानाचा आवाज आला की चहा अर्धा टाकून पळायचो. मग काय, रिक्षा बाजूला लावून तासभर बोलत बसले, मीटरचं त्यांनाही भान नाही अन् मलाही.

तर यादी अशी करा: जुने टॅक्सीवाले, गाइड, सामान चढवणारे, जालना रोडवरचे चहावाले, एमआयडीसीतले जुने कामगार, चिकलठाणा-मुकुंदवाडीकडची शेतकरी मंडळी. यातल्या बऱ्याच जणांनी विमानात पाय ठेवलेला नसतो, पण विमानतळ यांनाच माहितीये.

आता विचारायचं कसं. "काका, तेव्हा विमानतळ कसा होता?" असं विचारलं की "लई भारी होता" एवढंच हाती येतं. त्यापेक्षा विचारा, कोणाला सोडायला गेला होता? कशात बसून गेलात? आत कुठवर सोडलं? सोबत डबा काय होता? मग बघा. एका मामांनी सांगितलं, चुलतभाऊ आखातात कामाला निघाला, तो आधी मुंबईला जाणार, जाणारा एकटा आणि सोडायला सगळी भावकी टेम्पोत. म्हातारी तारेच्या कुंपणाला धरून उभी, विमान दिसेनासं झालं तरी हलेना, शेवटी टेम्पोवाल्याने हॉर्न वाजवला. असलं काही "कसं होतं" विचारून निघत नाही.

सालांवर मात्र डोळे झाकून भरवसा ठेवू नका. आपली माणसं साल लग्नावरून नाहीतर दुष्काळावरून मोजतात, आणि लग्न कोणाचं यावरून घरातच भांडण लागतं. त्यापेक्षा घरातली ट्रंक उघडायला लावा. लाल कार्बनचं जुनं तिकीट सापडलं तर त्यावर मुंबई लिहिलंय का बॉम्बे ते बघा, नाव 1995 ला बदललं. "इंडियन एअरलाइन्स" असेल तर बहुतेक 2005 च्या आधीचं, कारण त्या वर्षाअखेरीला त्यांनी नुसतं "इंडियन" केलं. जेट एअरवेज असेल तर 1993 ते 2019 च्या मधलं. बॅगेला लावायचा टॅग मिळाला आणि त्यावर आयएक्सयू असेल तर तो आपलाच, तो औरंगाबादचा कोड. आणि कोणी म्हणालं की विमानातून उदयपूर-जयपूरची पाहुणेमंडळी उतरायची तर हसू नका, दिल्ली-जयपूर-उदयपूर-औरंगाबाद-मुंबई अशी एसटीसारखी थांबत येणारी फ्लाइट होतीच.

अपघाताचं स्वतःहून काढू नका. 26 एप्रिल 1993, उड्डाण घेताना धावपट्टीच्या टोकाला बीड रोडवरून चाललेल्या ट्रकला विमान धडकलं, ट्रकमध्ये कापसाच्या गाठी होत्या. विमानातल्या 118 पैकी 55 जण गेले. त्या भागातला माणूस बोलता बोलता तिथं येतोच, आला की तुम्ही गप्प बसा, मध्ये प्रश्न नको. त्याच साली 30 सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला, त्यामुळे काही जण दोन्हीची गल्लत करतात, ते तिथल्या तिथं दुरुस्त करायची गरज नाही, घरी येऊन नोंद करा.

रेकॉर्डिंगचं थोडक्यात: फॅन बंद करा, उकडलं तरी चालेल. फोन एअरप्लेन मोडवर टाका (विषयाला धरूनच आहे), माझी एक अख्खी मुलाखत भाच्याच्या फोनने अर्ध्यात कापली गेली. तिकिटाचा फोटो दिवसाउजेडी सावलीत काढा, फ्लॅश नको, आणि लॅमिनेशन तर अजिबात करू नका. फाइलच्या नावात औरंगाबाद आणि छत्रपती संभाजीनगर दोन्ही टाका, नाहीतर नंतर शोधताना तुमचीच तुम्हाला सापडणार नाही. आणि जुनी इमारत का नवी, हेही त्यात लिहा, कारण 2008-09 च्या सुमारास नवीन टर्मिनल झालं आणि त्यानंतरचे लोक बोलतात ते सगळं काचेचं आणि एसीचं असतं.

हे सगळं जमलं की मग जा त्या विमानात बसणाऱ्या साहेबांकडे, टॅग आणि फोटो घेऊन. मी परत गेलो. कुंपणाचा फोटो हातात घेऊन बराच वेळ बघत बसले, मग म्हणाले, पोरगी दरवेळी इथं उभी राहून दोन्ही हात हलवायची आणि माझी सीट कायम पलीकडच्या बाजूला यायची, मला ती कधी दिसलीच नाही, पण घरी आलो की सांगायचो, दिसली बरं का. आणि मी येडा, चहा आला म्हणून रेकॉर्डिंग बंद करून बसलो होतो. तेव्हा चहा आला तरी बंद करू नका, पार दारातून बाहेर पडेपर्यंत चालू ठेवा.