मशीनच्या मागं बघा: सोयाबीन कापणीआधीचं शिबिर कसं घ्यावं

गणपती गेले की बेळगाव, निपाणी, बैलहोंगल भागात सोयाबीन पिवळं पडायला लागतं आणि कापणी-मळणीचं मशीन (कम्बाइन हार्वेस्टर) ठरवायची धावपळ सुरू होते. एकरी भाडं किती, नंबर कधी, एवढंच बोलणं. खंडेनवमीला मशीनला झेंडूचा हार पडतो, नारळ फुटतो, पण पात्याचे रिव्हेट ढिले आहेत का हे कुणी बघत नाही. मशीन रानात उतरलं की सगळ्यांचे डोळे दाण्याच्या टाकीकडं. मागं काय पडतंय तिकडं कुणाचंच लक्ष नसतं.

परतीचा पाऊस झाल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांनी तेच रान बघा. पट्ट्यापट्ट्यानं सोयाबीन उगवलेलं असतं. शेंगा फुटल्या म्हणून आपण सोडून देतो. आपोआप फुटल्या असत्या तर रान सगळीकडं सारखंच हिरवं झालं असतं. मशीनच्या मागच्या पट्ट्यात दाट उगवलंय म्हणजे ते मशीननं टाकलंय.

म्हणून शिबिर घ्यायचं ते याच गोष्टीसाठी. हॉलमध्ये नको, रानात घ्या, आणि नवरात्र बसायच्या आत घ्या. पट्टा किंवा बेअरिंग कोल्हापूर-हुबळीहून मागवायचं तर हातात दिवस पाहिजेत. आभाळ भरून आल्यावर फिटर फोन उचलत नाही. मत्तिकोप किंवा तुक्कानट्टीच्या कृषी विज्ञान केंद्राला, आपल्या होबळीच्या (महसूल मंडळाच्या) रयत संपर्क केंद्राला, म्हणजे कृषी खात्याच्या कार्यालयाला, आधी पत्र द्या. मशीन ठरवून देणारा एजंट आणि डायवर आले नाहीत तर शिबिराचा निम्मा उपयोग गेला. डायवर बहुतेक बाहेरचे असतात, तेव्हा सूचनांचा कागद मराठी, कन्नड, हिंदी तिन्हींत काढा.

शिकवायचं मुख्य काम सोपं आहे. मीटरभर लांबीचे चार पाइप जोडून चौकट करा. आधी उभ्या पिकात टाकून खाली पडलेले दाणे मोजा. मग मशीन पन्नास पावलं चालवून थांबवा, थोडं मागं घ्या आणि फक्त हेडर (पुढचा कापणारा भाग) गेलेल्या जागेत मोजा. शेवटी मशीनच्या मागं मोजा. चौरस मीटरला चाळीसेक दाणे म्हणजे एकरी वीस किलोच्या आसपास. 2025-26 च्या क्विंटलला 5,328 रुपये हमीभावानं हजारावर रुपये मातीत. सोयाबीनमध्ये जास्त नुकसान पुढं हेडरलाच होतं, म्हणून कटर बार (कापणारं पातं) जमिनीलगत ठेवा आणि मशीन सावकाश चालवा.

- हेडरजवळ शेंगा फुटतात: रीलचा (पीक आत ओढणाऱ्या फिरत्या चक्राचा) वेग कमी करा
- टाकीत डाळ (फुटलेले दाणे) दिसते: मळणीच्या ड्रमचा वेग कमी करा, ड्रम आणि त्याखालच्या जाळीमधलं अंतर वाढवा
- मागं न फुटलेल्या शेंगा: जाळीचं अंतर कमी करा
- भुश्शात अख्खे दाणे: पंखा कमी करा, चाळणी उघडा

बियाण्याचा प्लॉट असेल तर ड्रम मिनिटाला 350 ते 400 फेऱ्यांवर ठेवा. दाण्यात ओलावा 13 ते 15 टक्के असावा. मीटर नसेल तर दाताखाली धरा: दात रुतला तर थांबा, कट् करून फुटला तर चालवा. सकाळी दव असताना शेंग चिवट असते, दुपारी तीच हात लावताच तडकते. त्यामुळं माझ्या मते जाळीचं अंतर दिवसातून दोनदा तरी बघावं. डायवर कुरकुरेल. भाडं तुम्ही देताय.

नेहमीची तपासणी:
- ग्रीस, इंजिन ऑइल, हायड्रॉलिक ऑइल
- पट्टे, साखळ्या, बेअरिंग
- एअर फिल्टर, रेडिएटरची जाळी
- बॅटरीच्या वायरी, दिवे, ब्रेक

दुकानदार 'इंजिन ताकद' वाढवणारी बाटली देईल, पीक लवकर वाळावं म्हणून तणनाशक मारा म्हणेल. दोन्ही नको. त्या पैशात ग्रीस गन आणि सहा किलोचं अग्निशामक सिलिंडर घ्या. सायलेन्सरजवळ साठलेला वाळका भुसा पेटला तर मशीन जातं, शेजाऱ्याचं उभं पीकही जातं. दर वेळी टाकी भरली की तो झाडून काढा.

मशीन चोंदलं की हात घालायच्या आधी इंजिन बंद आणि चावी खिशात. उचललेल्या हेडरखाली टेकू लावल्याशिवाय जाऊ नये. लुंगी, पंचा, लोंबता पदर मशीनपाशी नको, आणि टाकीवर पोरं तर अजिबात नकोत. रानावरून लोंबणाऱ्या विजेच्या तारा आधीच पाहून ठेवा, हेस्कॉमला (वीज कंपनीला) कळवा. माल खाली करायचा पाइप तारेखाली उघडू नका.

खानापूरकडच्या भातासाठी शिबिर वेगळं, कापणी तोंडावर येण्याआधी. तिथं खाचरं लहान, रान ओलं, मशीन चाकांऐवजी पट्ट्यांवर चालणारं. सोयाबीनला लावलेलं ड्रमचं आणि जाळीचं माप भाताला तसंच ठेवू नका. चौकट मात्र तीच न्या आणि पहिल्या पन्नास पावलांवर तिथंही मशीन थांबवा.